गाळे उघडले तेव्हा माड्यांवर काय झाले: सिनसिनाटीच्या ओव्हर-द-ऱ्हाइन पेठेचे प्रकरण

ओस पडलेल्या जुन्या पेठेत चार उपाहारगृहे आणि काही नेटकी दुकाने सुरू झाली, की पेठ पुन्हा जिवंत झाली असे म्हणण्याचा प्रघात आहे. अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहराच्या ओव्हर-द-ऱ्हाइन या पेठेचे नाव अशा वेळी हमखास घेतले जाते. २००१ साली जो भाग दंगलीने पेटला होता, तेथील व्हाइन स्ट्रीटवर दहा-अकरा वर्षांनंतर संध्याकाळच्या जेवणासाठी लोक ताटकळत उभे राहू लागले. हा बदल खरा आहे आणि त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दुकानांनी पेठ उठवली असे म्हणताना परिणामालाच कारण समजले जाते. व्हाइन स्ट्रीटवरचे गाळे कसे भरतील, हे त्या इमारतींची मालकी एका हाती आली तेव्हाच बऱ्याच अंशी ठरले होते. आणि ज्या निर्णयाने तळमजला उजळला, त्याच निर्णयाने वरच्या माडीवर कोण राहणार हेही ठरून गेले. प्रस्तुत प्रकरणात या दोन्ही मजल्यांचा एकत्र विचार केला आहे.

पेठेची घडण आणि उतरण

एकोणिसाव्या शतकात जर्मनीतून आलेल्या स्थलांतरितांनी ही वस्ती उभी केली. शहराचा मध्यवर्ती भाग आणि ही वस्ती यांच्या मधून मायामी अँड ईरी कालवा जात असे, आणि त्याचे पूल ओलांडून जर्मनांच्या वस्तीत जाणे म्हणजे ऱ्हाइन नदीपलीकडे जाणे, अशा बोलण्यातून पेठेचे नाव रूढ झाले. १९०० च्या सुमारास येथे ४५,००० च्या आसपास लोक राहत होते. बिअरचे कारखाने, सभागृहे, चर्च आणि मद्यालये यांनी हा भाग गजबजलेला होता. एकट्या व्हाइन स्ट्रीटवर शंभराहून जास्त मद्यालये होती. म्हणजे खाण्यापिण्यासाठी बाहेरून माणसे येणे ही या रस्त्याची नवी ओळख नव्हे, ती त्याची जुनीच ओळख आहे.

इमारतींची रचना येथे महत्त्वाची ठरते. इटालियनेट शैलीतील या विटांच्या इमारती तीन-चार मजल्यांच्या, दर्शनी बाजूस अरुंद आणि आत खोल गेलेल्या आहेत. तळमजल्यावर ओतीव लोखंडाच्या खांबांमध्ये बसवलेल्या उंच काचांचे गाळे आणि वर बिऱ्हाडे, अशी त्यांची मांडणी आहे. खाली धंदा आणि वर घर हा मेळ या पेठेच्या भिंतींतच बांधलेला आहे. त्यामुळे गाळा रिकामा पडला की वरच्या बिऱ्हाडांच्या देखभालीचा पैसा आटतो आणि वरची बिऱ्हाडे गेली की खालच्या गाळ्याचे रोजचे गिऱ्हाईक जाते. ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये ही दोन्ही टोके एकामागून एक सुटत गेली.

पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनांविरुद्ध रोष इतका वाढला की १९१८ मध्ये रस्त्यांची नावेसुद्धा बदलण्यात आली. ब्रेमेन स्ट्रीटचा रिपब्लिक स्ट्रीट झाला. पाठोपाठ आलेल्या दारूबंदीने बिअरचे कारखाने बंद पाडले. कालव्याच्या पात्रात भुयारी रेल्वे बांधण्याचे काम सुरू होऊन अर्धवट राहिले आणि त्यावर १९२८ मध्ये सेंट्रल पार्कवे हा रुंद मार्ग खुला झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर अ‍ॅपलेशियाच्या डोंगराळ भागातील गरीब गोरी कुटुंबे येथे आली. पुढे शेजारच्या वेस्ट एंडमधून द्रुतगती महामार्ग नेताना आणि तिथली वस्ती पाडताना हजारो कृष्णवर्णीय कुटुंबे विस्थापित झाली व त्यांपैकी अनेकांनी या पेठेचा आसरा घेतला. १९५० च्या दशकात लिबर्टी स्ट्रीट रुंद केल्यामुळे पेठेचे उत्तर आणि दक्षिण असे दोन तुकडे पडले. २००० साली लोकसंख्या सुमारे ७,६०० वर आली होती, रहिवाशांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते, आणि सुमारे ५०० इमारती रिकाम्या होत्या. १९३० नंतरच्या काळात जुन्या इमारतींपैकी अंदाजे निम्म्या पाडल्या गेल्या.

जतन हवे की नको, यावरही पेठेत एकमत नव्हते. १९८३ मध्ये ओव्हर-द-ऱ्हाइनचा समावेश ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत झाला, तो दीर्घ संघर्षानंतर. बेघरांसाठी ड्रॉप इन सेंटर हा निवारा चालवणारे बडी ग्रे आणि त्यांचे सहकारी यांनी या नोंदणीला कडवा विरोध केला होता. इमारतींना प्रतिष्ठा आणि करसवलत मिळाली की भाडी चढतील आणि गरीब भाडेकरूंना जावे लागेल, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रे यांची १९९६ मध्ये हत्या झाली. त्यांच्या विरोधामुळे इमारती अधिक काळ पडून राहिल्या असा आक्षेप अनेकजण घेतात आणि त्यात तथ्य असू शकते. तथापि त्यांनी वर्तवलेली भीती निराधार होती, असे २०१५ नंतरची आकडेवारी पाहणाऱ्यास म्हणता येणार नाही.

एक फसलेला प्रयत्न

व्हाइन स्ट्रीटची कथा सांगताना मेन स्ट्रीटचा अनुभव बहुधा वगळला जातो, आणि माझ्या मते या प्रकरणातील सर्वांत बोलका पुरावा तोच आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात पेठेतल्याच मेन स्ट्रीटवर बार, कलादालने आणि इंटरनेट व्यवसायातील नव्या कंपन्यांची कार्यालये यांची रेलचेल झाली होती. शनिवार-रविवारच्या रात्री रस्ता फुलून जात असे. इमारती त्याच शैलीच्या, अंतर जेमतेम दोन गल्ल्यांचे, आणि गिऱ्हाईकही साधारण त्याच वयाचे. तरीही हा बहर काही वर्षांतच ओसरला.

७ एप्रिल २००१ रोजी टिमथी थॉमस या १९ वर्षांच्या निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाला ओव्हर-द-ऱ्हाइनमधील एका गल्लीत पोलिसाने गोळी घालून ठार केले. त्यानंतर काही दिवस शहर धुमसत राहिले आणि संचारबंदी लावावी लागली. त्याच सुमारास इंटरनेट कंपन्यांचा फुगाही फुटला. मेन स्ट्रीटचा व्यवहार रात्री येणाऱ्या पाहुण्यांवर उभा होता. पाहुण्यांनी पाठ फिरवताच तो कोसळला, कारण वरच्या माड्यांवर त्या बारचे रोजचे गिऱ्हाईक राहतच नव्हते. गाळेमालक वेगवेगळे होते, प्रत्येकाचे कर्ज वेगळे, आणि वाईट काळात एकमेकांना धरून राहण्याची कोणतीही व्यवस्था नव्हती. केवळ दुकाने आणि खाणेपिणे यांच्या बळावर जुनी पेठ उठते असे असते, तर ती १९९९ मध्येच उठली असती.

मालकी एका हाती

दंगलीनंतर दोन वेगळ्या गोष्टी घडल्या, आणि त्या वेगवेगळ्याच मोजायला हव्यात. पहिली म्हणजे २००२ मध्ये शहर, पोलीस संघटना आणि नागरिकांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या संस्था यांच्यात झालेला करार. पोलिसांच्या कामाच्या पद्धतीत बदल घडवणारा हा करार पुढे देशभर अभ्यासला गेला. रस्ते अधिक सुरक्षित झाल्याचे श्रेय नव्या उपाहारगृहांच्या खात्यात टाकताना या कराराचा विसर पडतो.

दुसरी गोष्ट म्हणजे २००३ मध्ये स्थापन झालेली सिनसिनाटी सेंटर सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजेच थ्री-सीडीसी. तत्कालीन महापौर चार्ली ल्यूकन आणि शहरातील मोठे उद्योग यांच्या पुढाकाराने उभी राहिलेली ही नफा न घेणारी संस्था होती. प्रॉक्टर अँड गँबल, क्रोगर यांसारख्या कंपन्यांची मुख्यालये याच शहरात आहेत आणि शहराचा मध्यभाग बसला तर चांगली माणसे नोकरीला येणार नाहीत, ही त्यांची व्यावहारिक चिंता होती. या उद्योगांनी जे भांडवल दिले ते लवकर परत मागणारे नव्हते. हा तपशील कोरडा वाटला तरी सगळी मेख त्यातच आहे. बँकेचे कर्ज काढून एकेक इमारत दुरुस्त करणाऱ्याला पहिल्याच वर्षी भाडे यावे लागते. शेजारच्या चार इमारती पडक्या असतील तर ते येत नाही. थ्री-सीडीसीला थांबणे परवडत होते, म्हणून २००८ च्या मंदीतही तिचे काम चालू राहिले.

संस्थेने २००४ पासून पेठेच्या दक्षिण भागात, विशेषतः व्हाइन स्ट्रीटच्या आसपास, सुमारे २०० इमारती आणि त्यांच्या जोडीने रिकामे भूखंड विकत घेतले. गुन्हेगारीचे अड्डे बनलेली काही मद्याची दुकानेही तिने घेतली, ती बंद करण्यासाठी. दुरुस्तीचा खर्च पेलण्यासाठी ऐतिहासिक इमारतींच्या पुनर्वापरावर मिळणारी २० टक्के केंद्रीय आणि २५ टक्के राज्य करसवलत, मागास भागातील गुंतवणुकीसाठीची न्यू मार्केट्स करसवलत आणि महापालिकेचे साहाय्य यांची सांगड घालण्यात आली. येथे १९८३ च्या नोंदणीचा उपयोग झाला, कारण ती नसती तर ऐतिहासिक इमारतींसाठीची सवलत या प्रमाणात मिळालीच नसती. २००६ मध्ये राष्ट्रीय पातळीवरील जतनसंस्थेने ओव्हर-द-ऱ्हाइनला देशातील अकरा सर्वाधिक धोक्यातील ऐतिहासिक स्थळांच्या यादीत घातले होते, यावरून वेळ किती थोडा उरला होता याची कल्पना येते.

उपाहारगृहेच का?

व्हाइन स्ट्रीटच्या बाराव्या ते चौदाव्या रस्त्यांमधील पट्ट्याला गेटवे क्वार्टर असे नाव देऊन काम सुरू झाले. वर विकत घेण्याची घरे आणि खाली गाळे, अशी योजना होती. २०१० मध्ये सेनेट हे छोटे उपाहारगृह उघडले. ते गाजले आणि त्यापाठोपाठ दोन-तीन वर्षांत या पट्ट्यात एकाशेजारी एक खाण्याची ठिकाणे उभी राहिली. कपड्यांची, घरसजावटीची आणि भेटवस्तूंची दुकाने काही आधी, काही नंतर आली. पण रस्त्याची ओळख खाण्यानेच घडवली.

यामागे रचनेचे आणि अर्थकारणाचे कारण आहे. अरुंद आणि खोल गाळा मोठ्या दुकानाला पुरत नाही, मात्र वीस-पंचवीस टेबलांच्या खाणावळीला तो नेमका जुळतो: पुढे काचेतून दिसणारी बैठक, मागे स्वयंपाकघर, त्यामागे माल उतरवायला गल्ली. कपड्याच्या दुकानापुढून माणूस पाच मिनिटांत निघून जातो, तर जेवायला आलेला दीड-दोन तास रस्त्याच्या त्याच तुकड्यावर राहतो, आधी किंवा नंतर फेरफटका मारतो आणि अंधार पडल्यावरही काचेमागे दिवे जळत ठेवतो. ज्या रस्त्याची लोकांना भीती वाटत होती, तिथे संध्याकाळी सात ते दहा या वेळेत माणसे दिसणे हीच पहिली गरज होती. शिवाय चांगल्या जेवणासाठी माणूस उपनगरातून गाडी काढून येतो. साबण किंवा पाव घेण्यासाठी येत नाही.

तरीही जुन्या इमारतीत उपाहारगृह उभारणे हे मोठ्या खर्चाचे काम असते. धूर बाहेर नेणारी वाहिनी तीन-चार मजले वर न्यावी लागते, तळमजला आणि वरची घरे यांमध्ये आगरोधक छत बसवावे लागते, अपंगांना सहज आत येता यावे अशी सोय करावी लागते, शंभर वर्षांपूर्वीच्या मलवाहिन्या बदलाव्या लागतात, आणि हे सर्व करताना दर्शनी भागाला धक्का लावता येत नाही. नवखा व्यावसायिक एवढे भांडवल घालू शकत नाही. येथे एकाच मालकाच्या हातात संपूर्ण पट्टा असण्याचा अर्थ स्पष्ट होतो. असा मालक एका गाळ्याच्या भाड्यात तोटा सोसू शकतो, कारण त्या गाळ्यामुळे वरच्या आणि शेजारच्या घरांची किंमत वाढते आणि ती वाढही त्याच्याच हिशेबात जमा होते. कोणता धंदा कोणत्या कोपऱ्यावर असावा, एका प्रकारचे किती असावेत, कोणाला नाही म्हणावे, हे मॉलचा व्यवस्थापक ठरवतो तसे त्याला ठरवता येते. मेन स्ट्रीटवरच्या विखुरलेल्या गाळेमालकांना हे शक्य नव्हते. व्हाइन स्ट्रीटच्या यशात स्वयंपाक्यांच्या कौशल्याचा वाटा निश्चित आहे, परंतु ते कौशल्य तिथे येऊन टिकले ते या व्यवस्थेमुळे.

पुढची पायरी उद्यानाची होती. सुमारे ४.८ कोटी डॉलर खर्चून वॉशिंग्टन पार्कचे नूतनीकरण करण्यात आले आणि २०१२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. हिरवळीखाली ४५० गाड्यांचे वाहनतळ बांधले गेले, कारंजी आणि खेळण्याची जागा आली. जुना जलतरण तलाव आणि बास्केटबॉलचे मैदान मात्र गेले. उद्यानासमोरच्या १८७८ सालच्या म्युझिक हॉलचे मोठे नूतनीकरण २०१७ मध्ये पूर्ण झाले. ५.८ किलोमीटरच्या फेरीची ट्राम दोन सार्वमतांतून आणि २०१३ च्या अखेरीस थांबवलेल्या कामातून वाट काढत सप्टेंबर २०१६ मध्ये धावू लागली. उद्यानाबाबत एवढेच नोंदवतो की, तलाव आणि मैदान ही पेठेतल्या मुलांची रोजची जागा होती, आणि तीच काढली गेल्यामुळे हे उद्यान नेमके कोणासाठी सजवले जात आहे, असा प्रश्न रहिवाशांनी त्या वेळी उघडपणे विचारला. त्यात अवाजवी काही नव्हते.

माडीवरचा हिशेब

झेव्हियर विद्यापीठाच्या कम्युनिटी बिल्डिंग इन्स्टिट्यूटने केलेल्या पाहणीनुसार, अत्यल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना परवडतील अशी ३,२३५ घरे ओव्हर-द-ऱ्हाइनमध्ये २००२ साली होती. २०१५ साली ती ८६९ उरली. ही घट ७३ टक्क्यांची आहे.

थ्री-सीडीसीचे समर्थक यावर सांगतात की, संस्थेने घेतलेल्या इमारती बहुतांशी रिकाम्याच होत्या, त्यामुळे कोणाला घराबाहेर काढण्याचा प्रश्न उद्भवला नाही. हे म्हणणे गंभीरपणे तपासावे असे आहे. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या भाड्याच्या घरांचा मोठा साठा दंगलीच्या सुमारासच मोडकळीस येऊ लागला होता, आणि त्या पडझडीला संस्था कारणीभूत नव्हती. परंतु रिकामी इमारत म्हणजे कोणाचेच घर नसलेली इमारत, हे समीकरण मला मान्य होत नाही. तिथे काल कोणी तरी राहत होते आणि दुरुस्तीनंतर त्या उत्पन्नाचे कुटुंब पुन्हा राहू शकले असते. पहिल्या टप्प्यात वरच्या माड्यांवर प्रामुख्याने बाजारभावाने विकायची घरे निघाली, तेव्हा ती शक्यता बंद झाली. शिवाय शेजारची किंमत वाढली की जिथे भाडेकरू राहतच होते अशा इमारतींचे मालकही वेगळा विचार करू लागतात. ते घर कोणी जबरदस्तीने रिकामे करून घेत नाही; भाडेकरार पुन्हा होत नाही, एवढेच घडते आणि कोणत्याही नोंदीत ते विस्थापन म्हणून लागत नाही.

वेगळा मार्ग उपलब्ध होता, हेही पेठेतच दिसते. २००६ मध्ये दोन जुन्या गृहसंस्था एकत्र येऊन ओव्हर-द-ऱ्हाइन कम्युनिटी हाउसिंग ही संस्था तयार झाली. तिच्या जिमी हीथ हाउस या इमारतीत दीर्घकाळ बेघर राहिलेल्यांसाठी २५ कायमची घरे आहेत. त्याच विटा, त्याच करसवलतींचा काळ आणि त्याच अरुंद इमारती. इमारतीतून काय मिळवायचे याचा हेतू मात्र वेगळा. दरम्यान ड्रॉप इन सेंटर २०१५ मध्ये पेठेतून बाहेर हलले.

गाळ्यांचेही असेच. येथे राहणाऱ्या माणसाला रोज लागते ते काय, हा प्रश्न नव्या रस्त्याने फारसा विचारला नाही. व्हाइन स्ट्रीटवरचे क्रोगरचे किराणा दुकान २०१९ मध्ये बंद झाले. त्याऐवजी सेंट्रल पार्कवेच्या दक्षिणेला, मध्यवर्ती भागात, मोठे नवे दुकान उघडले. गाडी असलेल्याला किंवा ट्रामच्या थांब्याजवळ राहणाऱ्याला हे अंतर क्षुल्लक आहे. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत येणाऱ्या वृद्धाला ते तसे वाटत नाही. जेवणाची इतकी ठिकाणे असलेल्या पेठेत तिथला एकमेव मोठा किराणा टिकू नये, हे या प्रकरणातले माझ्या दृष्टीने सर्वांत खटकणारे चित्र आहे.

नव्या गाळ्यांत आधीच्या रहिवाशांपैकी किती जणांना धंदा मांडता आला, हा पुढचा प्रश्न. २०१४ मध्ये सुरू झालेल्या मॉर्टर या संस्थेने हीच उणीव हेरली. पेठेतील आणि शहरातील वंचित भागांतल्या, प्रामुख्याने कृष्णवर्णीय, होतकरू व्यावसायिकांना ती प्रशिक्षण देते आणि गाळा काही काळासाठी वापरायला देऊन धंदा आजमावू देते. उपक्रम मोलाचा आहे, पण तो गेटवे क्वार्टर भरल्यानंतर आला. पट्ट्याची मालकी एका हाती असताना, पहिल्या गाळ्यांपैकी काही गाळे अशांसाठी राखून ठेवणे अवघड नव्हते. तोटा सोसायची तयारी तर होतीच.

लिबर्टी स्ट्रीटच्या उत्तरेला

पेठेच्या उत्तर भागात फिंडले मार्केट आहे. लोखंडी सांगाड्याची ही बाजारइमारत १८५२ मध्ये आखली गेली आणि १८५५ मध्ये खुली झाली. सतत चालू असलेला ओहायोमधील हा सर्वांत जुना सार्वजनिक बाजार. २००४ मध्ये नूतनीकरण पूर्ण झाल्यावर व्यवस्थापन एका ना-नफा संस्थेकडे गेले, मालकी महापालिकेचीच राहिली. मांस, भाजी, मासळी आणि मसाले यांचे ठेले येथे नव्या खाद्यपदार्थांच्या ठेल्यांशेजारी आहेत. सरकारी अन्नसाहाय्याचे कार्ड येथे चालते. त्यामुळे उपनगरातून शनिवारी येणारे कुटुंब आणि पाच मिनिटांवर राहणारी गरीब आजी एकाच ठेल्यापुढे उभी राहू शकतात. २०१६ मध्ये बाजाराने लहान खाद्यव्यावसायिकांसाठी तासांवर भाड्याने मिळणारे सामायिक स्वयंपाकघरही सुरू केले, म्हणजे धूरवाहिनी आणि मलवाहिनीचा जो खर्च व्हाइन स्ट्रीटवर एकेका गाळ्याच्या माथी येत होता, तो येथे अनेकांत वाटला गेला.

ट्रामचे थांबे आता बाजाराच्या दोन्ही अंगांना, रेस स्ट्रीट आणि एल्म स्ट्रीटवर आहेत. २०१३ मध्ये एल्म स्ट्रीटवरच, जुन्या बिअर कारखान्याच्या बाटल्या भरण्याच्या इमारतीत, राइनगाइस्ट हा नवा बिअर कारखाना सुरू झाला. दक्षिणेकडचे भाव त्यानंतर लिबर्टी स्ट्रीट ओलांडून उत्तरेकडे सरकू लागले आणि बाजाराभोवतीच्या इमारतींच्या वरच्या माड्यांची दुरुस्ती सुरू झाली. बाजाराची इमारत सार्वजनिक मालकीची आहे. समोरच्या रांगेतील घरे तशी नाहीत.